जन्मजात प्रतिकारदोष असलेल्या बाळाचे अस्थिमज्जा प्रत्यारोपण: पालकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

तान्ह्या बाळाच्या रक्तात लिम्फोसाइट (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जवळजवळ नाहीत, किंवा पुन्हापुन्हा येणाऱ्या गंभीर आजारपणांच्या मुळाशी जनुकातला दोष आहे, असे डॉक्टर सांगतात आणि बहुतेक वेळा त्याच बैठकीत ‘अस्थिमज्जा प्रत्यारोपण’ हे शब्द पालकांच्या कानावर प्रथम पडतात. त्या क्षणापासून घरातल्या सगळ्यांचे लक्ष एकाच प्रश्नावर खिळते: दाता कधी मिळेल? प्रश्न योग्य आहे, पण पहिला नाही. प्रत्यारोपणाच्या दिवशी बाळ कोणत्या अवस्थेत आहे यावर निकालाचा फार मोठा भाग अवलंबून असतो, आणि ती अवस्था राखण्याचे काम निदानाच्या दिवसापासून सुरू होते.

याला आकड्यांचा भक्कम आधार आहे. सिव्हिअर कम्बाइंड इम्युनोडेफिशियन्सी, म्हणजे एससीआयडी, हा या आजारांमधला सर्वांत तीव्र गट. उत्तर अमेरिकेतील केंद्रांमध्ये २००० ते २००९ या काळात प्रत्यारोपण झालेल्या अशा २४० बाळांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वयाच्या साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्या बाळांपैकी ९४ टक्के बाळे पाच वर्षांनंतर हयात होती. त्याहून मोठ्या, पण तोपर्यंत संसर्गच न झालेल्या बाळांमध्ये हे प्रमाण ९० टक्के होते, संसर्ग होऊन तो पूर्ण बरा झालेल्यांमध्ये ८२ टक्के होते, आणि संसर्ग चालू असतानाच प्रत्यारोपण करावे लागलेल्या मोठ्या बाळांमध्ये ते सुमारे ५० टक्क्यांवर आले होते. ९० आणि ५० यांच्यातले अंतर बाळाला झालेल्या संसर्गाचे आहे, आणि संसर्ग टाळण्याच्या कामात पालकांचा वाटा डॉक्टरांइतकाच मोठा असतो. म्हणून या लेखात प्रत्यारोपणाआधीच्या कामांना जास्त जागा दिली आहे.

पहिला टप्पा: आजाराचे नेमके नाव आणि जनुक विचारून घ्या

प्रतिकारशक्तीचे साडेचारशेहून अधिक जन्मजात दोष आज ज्ञात आहेत आणि त्या सगळ्यांवर प्रत्यारोपण हा उपाय नाही. ब्रूटन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारात शरीरात प्रतिपिंडे तयार होत नाहीत, पण बाहेरून नियमितपणे इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे) दिल्यास अशी मुले बहुधा प्रत्यारोपणाशिवाय चांगले आयुष्य जगतात. काही बाळांना जन्मतः थायमस ग्रंथीच नसते. टी पेशी (लिम्फोसाइटचा एक प्रकार) जिथे घडतात ती जागाच नसल्यामुळे त्यांना अस्थिमज्जेऐवजी थायमसच्या ऊतीचे प्रत्यारोपण उपयोगी पडते. याउलट एससीआयडी, विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम, क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, कौटुंबिक एचएलएच (प्रतिकार पेशी अनावर होऊन शरीरालाच इजा करणारा आजार), ल्युकोसाइट ॲड्हीजन डेफिशियन्सीचा तीव्र प्रकार अशा आजारांत दोष रक्तपेशींना जन्म देणाऱ्या मूळ पेशींमध्येच असतो. निरोगी दात्याच्या मूळ पेशी बाळाच्या अस्थिमज्जेत रुजल्या, तर त्यांच्यापासून पुढे तयार होणाऱ्या पेशी निर्दोष असतात. या उपचाराचे तत्त्व एवढेच आहे.

जनुकाचे नाव माहीत असणे ही केवळ नोंद ठेवण्यापुरती बाब नाही. एससीआयडीच्या ज्या प्रकारांत पेशींना स्वतःच्या डीएनएची दुरुस्ती करता येत नाही (आर्टेमिस जनुकाचा दोष हे त्याचे ठळक उदाहरण), त्यांत किरणोपचार आणि काही केमोथेरपीची औषधे शरीराला प्रमाणाबाहेर इजा करतात. अशा बाळासाठी औषधांची आखणी पूर्णपणे वेगळी करावी लागते. एडीए या विकराच्या (एन्झाइमच्या) अभावामुळे होणाऱ्या प्रकारात तेच विकर इंजेक्शनाने देऊन बाळाला प्रत्यारोपणापर्यंत स्थिर ठेवता येते, शिवाय बाळाच्याच मूळ पेशींमध्ये दुरुस्त जनुक घालण्याचा जनुकोपचार हाही मार्ग असतो; युरोपात त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. म्हणून पहिल्याच भेटीत तीन प्रश्न लिहून न्यावेत: कोणत्या जनुकाचा संशय आहे, या आजारात प्रत्यारोपण हाच सर्वमान्य उपचार आहे का, आणि प्रत्यारोपण केले नाही तर पुढे काय होण्याची शक्यता आहे.

जनुकीय अहवाल यायला आठवडे लागू शकतात. टी, बी आणि एनके या लिम्फोसाइटच्या तीन प्रकारांची मोजणी करणारी फ्लो सायटोमेट्री मात्र लवकर मिळते, आणि तिच्या आधारे पुढच्या टप्प्यातले संरक्षण त्याच दिवशी सुरू करता येते. अहवालाची वाट पाहत ते थांबवू नये.

दुसरा टप्पा: बाळाला संसर्गापासून दूर ठेवा

या टप्प्यातले सर्वांत तातडीचे काम लसीकरणाच्या कार्डावर आहे. बीसीजी, तोंडावाटे दिली जाणारी पोलिओची लस, रोटाव्हायरस, गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या या लसींमध्ये दुर्बल केलेला, पण जिवंत जंतू असतो. टी पेशी नसलेल्या बाळाच्या शरीरात तो थोपवला जात नाही आणि लसच आजार बनते. निदान होताच सगळ्या जिवंत लसी थांबवाव्यात आणि तसे कार्डावर ठळक लिहून घ्यावे, म्हणजे वेगळ्या दवाखान्यात वेगळ्या परिचारिकेकडूनही चूक होणार नाही. जिथे जन्मतःच बीसीजी दिली जाते, तिथे ही लस बहुतेक वेळा निदानाआधीच टोचली गेलेली असते. अशा वेळी टोचल्याच्या जागी जखम वाहू लागली, काखेत गाठ आली किंवा कारण न सापडणारा ताप राहिला, तर ते लगेच दाखवावे. त्यावर क्षयाची औषधे सुरू करावी लागतात आणि प्रत्यारोपणाचे नियोजनही त्यानुसार बदलते. पेशींची उणीव असलेल्या बाळाला बीसीजी दिली गेली आहे, ही गोष्ट डॉक्टरांना न विचारताही सांगावी.

घरातल्या इतर मुलांनाही तोंडावाटे पोलिओची लस देऊ नये, कारण तिचा विषाणू कित्येक आठवडे विष्ठेतून बाहेर पडत राहतो. त्यांना इंजेक्शनाची निष्क्रिय लस द्यावी. बाकी घरातल्या प्रत्येकाचे लसीकरण पूर्ण असलेले बरे. दरवर्षीची फ्लूची इंजेक्शनाची लस आणि डांग्या खोकल्याची लस मोठ्यांनीही घ्यावी.

दुसरी बाब रक्ताची. बाळाला रक्त किंवा प्लेटलेट द्यायची वेळ आलीच, तर ती विकिरणित, म्हणजे किरणांचा मारा करून त्यातल्या लिम्फोसाइट निष्क्रिय केलेली असली पाहिजेत, अन्यथा दुसऱ्याच्या रक्तातल्या जिवंत लिम्फोसाइट बाळाच्या शरीरावर हल्ला करतात आणि तो प्राणघातक ठरू शकतो. शिवाय रक्त सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही, नसलेल्या दात्याचे किंवा पांढऱ्या पेशी गाळून काढलेले असावे. रात्री-अपरात्री तातडीच्या विभागात जावे लागले आणि तिथल्या डॉक्टरांना बाळाचा आजार परिचयाचा नसला, तर हे वाक्य पालकांनाच म्हणावे लागते. ते चिठ्ठीवर लिहून सतत जवळ ठेवावे.

स्तनपानाचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. आईला पूर्वी कधीतरी सीएमव्हीचा संसर्ग झालेला असेल (जगातल्या बहुसंख्य प्रौढांना तो नकळत झालेला असतो), तर तो विषाणू दुधातून बाळाकडे जाऊ शकतो. निरोगी बाळाला त्याने काही होत नाही, पण एससीआयडी असलेल्या बाळाच्या फुप्फुसांना, यकृताला आणि डोळ्यांना तो गंभीर इजा करतो. म्हणून आईची तपासणी होईपर्यंत अनेक केंद्रे स्तनपान थांबवायला सांगतात. या दिवसांत आईने दूध काढून साठवून ठेवले, तर तपासणी निर्दोष आल्यावर ते वापरता येते आणि दूध येणेही टिकते. आईला इथे अपराधी वाटते, हे अनेकदा दिसते. हा विषाणू बाळगण्यात तिची काडीचीही चूक नसते, आणि हे तिला घरातल्या माणसांनी मोठ्याने सांगितले पाहिजे.

औषधांमध्ये साधारणपणे तीन गोष्टी सुरू होतात: ठरावीक अंतराने इम्युनोग्लोब्युलिन, न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीमुळे होणारा न्यूमोनिया टाळण्यासाठी को-ट्रायमॉक्साझोल, आणि गरजेप्रमाणे बुरशीविरोधी किंवा विषाणूविरोधी औषध. ही औषधे चुकवू नयेत. इम्युनोग्लोब्युलिन चालू असताना रक्तातली प्रतिपिंडे दात्यांकडून आलेली असतात, त्यामुळे प्रतिपिंड मोजून केलेल्या चाचण्यांचा निकाल दिशाभूल करतो. संसर्ग शोधण्यासाठी विषाणूचा थेट शोध घेणारी पीसीआर तपासणी लागते.

घरात करायच्या गोष्टी साध्या आहेत, पण त्या रोज कराव्या लागतात. बाळाला हात लावण्याआधी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत. सर्दी-खोकला, जुलाब, ओठावरचा नागीणसारखा फोड किंवा ताप असलेल्या माणसाने, मग ते आजी-आजोबा का असेनात, बाळाच्या खोलीत येऊ नये. पिण्याचे पाणी उकळलेले असावे. भिंतींना ओल आणि बुरशी असलेली खोली बदलावी. चालू बांधकामाची धूळ, कुजलेली पाने, खत आणि कुंड्यांची माती यांत ॲस्परजिलस नावाची बुरशी असते आणि क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज असलेल्या मुलासाठी ती विशेष घातक आहे. शाळेत जाणारे मोठे भावंड असेल, तर त्याने घरी येताच अंघोळ करून कपडे बदलावेत. कांजिण्या झालेल्या कोणाशी संपर्क आल्याचे कळले, तर पुरळ येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, कारण संरक्षक इंजेक्शन सुरुवातीच्या दिवसांतच उपयोगी पडते. ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, की वेळ कोणतीही असो, रुग्णालय गाठावे. तापाचे औषध देऊन सकाळपर्यंत थांबणे या मुलांच्या बाबतीत सुरक्षित नाही.

तिसरा टप्पा: दाता

दात्याची जुळणी एचएलए या खुणांवर ठरते. त्या पेशींच्या पृष्ठभागावर असतात आणि त्यांचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर असतात. मुलाला एक संच आईकडून व एक वडिलांकडून मिळतो. त्यामुळे सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येक भावंडामागे २५ टक्के असते, आणि आई किंवा वडील जवळजवळ नेहमीच निम्मे जुळतात. रक्तगट वेगळा असला तरी अडचण येत नाही. प्रत्यारोपण यशस्वी झाल्यावर कालांतराने बाळाचा रक्तगट दात्याचा होतो, इतकेच.

पूर्ण जुळणारे आणि निरोगी भावंड हा पहिला पर्याय मानला जातो. पण ‘निरोगी’ हा शब्द इथे तपासून घ्यावा लागतो. आजार आनुवंशिक असल्याने भावंडात तोच दोष सुप्तपणे असू शकतो, विशेषतः ज्या आजारांची लक्षणे उशिरा दिसतात त्यांत. बाळाचा जनुकीय दोष सापडला असेल, तर त्याच दोषासाठी दात्या भावंडाची तपासणी झालीच पाहिजे. एक्स गुणसूत्राशी निगडित क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजमध्ये वाहक असलेल्या बहिणीच्या बऱ्याच पेशी सदोष असू शकतात, म्हणून तिला दाता करण्याआधी तज्ज्ञ फार विचार करतात.

भावंड जुळले नाही, तर नोंदणीकृत स्वेच्छादात्यांचा शोध घेतला जातो. जगभरातल्या नोंदण्यांमध्ये आज चार कोटींहून अधिक दाते आहेत, तरी जुळणारा दाता मिळणे बाळाच्या वांशिक वारशावर बरेच अवलंबून असते, कारण सर्व समाजांचे प्रतिनिधित्व त्या नोंदण्यांत सारखे नाही. साठवलेले नाळेचे रक्त हा आणखी एक स्रोत आहे. आणि ज्या बाळाला थांबायला वेळ नाही, त्याच्यासाठी आई किंवा वडील हा निम्मा जुळणारा दाता बहुतेक वेळा तत्काळ उपलब्ध असतो. अशा प्रत्यारोपणात त्रासदायक टी पेशी प्रयोगशाळेत वेगळ्या काढतात, किंवा पेशी दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देऊन बाळाच्या शरीराविरुद्ध चवताळलेल्या पेशी नष्ट करतात. ‘निम्माच जुळतो’ हे ऐकून पालक खचतात, पण या पद्धती आता पुष्कळ केंद्रांत नेहमीच्या झाल्या आहेत. निदानानंतर पूर्ण जुळणाऱ्या दात्यासाठी महिनोन्‌महिने थांबण्यापेक्षा संसर्गमुक्त अवस्थेत निम्मा जुळणारा दाता वापरणे अधिक शहाणपणाचे ठरू शकते, आणि हा हिशेब डॉक्टरांसमोर उघडपणे मांडायला सांगावा.

इथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण आजच्या पद्धतींची कारणे त्यात आहेत. १९६८ मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिस येथे रॉबर्ट गुड यांच्या चमूने एससीआयडी असलेल्या पाच महिन्यांच्या मुलाला त्याच्या बहिणीची अस्थिमज्जा दिली आणि तो वाचला. या आजारांवरील यशस्वी प्रत्यारोपणाची ती सुरुवात. १९७१ मध्ये टेक्सासमध्ये जन्मलेल्या डेव्हिड व्हेटर या मुलाला मात्र पूर्ण जुळणारा दाता मिळाला नाही आणि तो बारा वर्षे निर्जंतुक प्लास्टिकच्या कक्षात राहिला. १९८३ मध्ये त्याला बहिणीची अंशतः जुळणारी अस्थिमज्जा दिली गेली. तिच्यात सुप्त असलेल्या एप्स्टीन-बार विषाणूमुळे त्याला लिम्फोमा (लिम्फोसाइटचा कर्करोग) झाला आणि १९८४ च्या फेब्रुवारीत तो गेला. आज प्रत्येक दात्याची या विषाणूसाठी तपासणी होते आणि प्रत्यारोपणानंतर बाळाच्या रक्तात त्याचे प्रमाण वारंवार मोजले जाते.

दात्यासाठी प्रक्रिया बरीच सुरक्षित आहे. पूर्ण भूल देऊन कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूतून सुईने मज्जा काढतात. दात्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण १० ते २० मिलिलिटर. काही दिवस कंबर दुखते आणि काही आठवड्यांत मज्जा पुन्हा भरून येते. दाता लहान भाऊ किंवा बहीण असेल, तर त्या मुलाच्या हिताचा स्वतंत्रपणे विचार करणारी, उपचार करणाऱ्या चमूबाहेरची व्यक्ती असावी असा आग्रह धरावा. काय होणार आहे हे त्याला त्याच्या वयाला समजेल अशा भाषेत सांगावे, आणि पुढे जे होईल त्याची जबाबदारी त्याच्यावर नाही, हे प्रत्यारोपणाच्या आधीच स्पष्ट करावे. नंतर सांगून त्याचा तितका उपयोग होत नाही.

चौथा टप्पा: केंद्र निवडणे आणि भरती होण्याची तयारी

रक्ताच्या कर्करोगासाठी प्रत्यारोपण करणारे केंद्र प्रतिकारदोषांतही निष्णात असेलच असे नाही. कर्करोगात उरलेल्या वाईट पेशी मारण्याला महत्त्व असते. इथे मारायचा कर्करोग नसतो, बाळ बहुधा फार लहान असते आणि शरीरात आधीच काही संसर्ग दडलेला असू शकतो. म्हणून नेमके याच आजाराची किती मुले तुम्ही हाताळली, त्यांपैकी किती बरी झाली, निम्म्या जुळणीची पद्धत तुमच्याकडे कोणती, विषाणूंच्या पीसीआर तपासण्या तुमच्याच प्रयोगशाळेत होतात का, असे प्रश्न विचारावेत. चांगले डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाहीत.

भरतीआधी हृदय, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे, दात, कान यांची तपासणी होते आणि छातीतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन बसवतात. या नळीतूनच औषधे, रक्त आणि मूळ पेशी दिल्या जातात व तपासणीसाठी रक्त घेतले जाते, त्यामुळे बाळाला रोज सुया टोचाव्या लागत नाहीत. तिची निगा परिचारिकांकडून स्वतः शिकून घ्यावी, कारण ही नळी जंतूंनाही थेट रक्तात जायची वाट देते. केमोथेरपीमुळे पुढे वंध्यत्व येण्याचा धोका किती आहे आणि अंडाशयाची ऊती गोठवून ठेवण्यासारखे पर्याय या वयात शक्य आहेत का, हा प्रश्नही याच वेळी विचारायचा असतो. बाळ काही महिन्यांचे असताना हा विषय दूरचा वाटतो, पण औषधे सुरू झाल्यावर फार उशीर झालेला असतो.

किमान दोन माणसांनी आलटून पालटून सोबत राहण्याची व्यवस्था करावी. एकाला सर्दी झाली तर दुसऱ्याने तत्काळ जागा घ्यावी लागते, आणि कित्येक आठवडे एकट्या माणसाने जागरण काढणे शक्य नसते.

पाचवा टप्पा: कंडिशनिंग आणि पेशी देण्याचा दिवस

पेशी देण्याचा दिवस ‘शून्य’ धरून आधीचे दिवस उणे आणि नंतरचे अधिक असे मोजतात. उणे दिवसांत बहुतेक मुलांना कंडिशनिंग, म्हणजे बाळाची स्वतःची मज्जा बाजूला सारून नव्या पेशींना जागा करून देणारी औषधे दिली जातात: बुसल्फान किंवा ट्रिओसल्फान, फ्लुडाराबिन, आणि टी पेशींना आवर घालणारे एटीजी किंवा ॲलेम्टुझुमॅब. बुसल्फानची मात्रा रक्तातली पातळी मोजून ठरवणे महत्त्वाचे आहे. कमी पडली तर पेशी रुजत नाहीत, जास्त झाली तर यकृताच्या बारीक शिरा बंद होण्याचा धोका वाढतो. त्याच्यासोबत झटके येऊ नयेत म्हणून वेगळे औषध देतात. एससीआयडीच्या काही बाळांना, विशेषतः भावंड पूर्ण जुळत असल्यास, कंडिशनिंगशिवायही पेशी देता येतात. अशा वेळी टी पेशी येतात, पण बी पेशी बहुधा बाळाच्याच राहतात आणि काही मुलांना इम्युनोग्लोब्युलिन आयुष्यभर घ्यावे लागते. तान्ह्या शरीराला केमोथेरपी टाळायची की कायमच्या इंजेक्शनांपासून सुटका मिळण्याची शक्यता वाढवायची, ही निवड कठीण आहे, आणि तिच्यातल्या दोन्ही बाजू समजून घेतल्याशिवाय संमतिपत्रावर सही करू नये.

शून्य दिवस पाहणाऱ्याला अगदी साधा वाटतो. शस्त्रक्रिया नसते. रक्ताच्या पिशवीसारख्या पिशवीतून पेशी नळीवाटे दिल्या जातात आणि त्या रक्तातून स्वतःच हाडांतल्या मज्जेपर्यंत पोहोचतात. पेशी गोठवून ठेवलेल्या असतील, तर त्यांच्या संरक्षक द्रवामुळे एक-दोन दिवस बाळाच्या श्वासाला उग्र वास येतो. त्याची काळजी करू नये.

सहावा टप्पा: पेशी रुजण्याची वाट

यानंतरचे दोन ते चार आठवडे सर्वांत अवघड असतात. पांढऱ्या पेशी शून्याजवळ असतात, तोंड आणि घशाची आतली त्वचा सोलवटते, बाळ खाणे-पिणे सोडते, केस जातात. वेदनेसाठी मॉर्फिन आणि पोषणासाठी नाकातून नळी सुचवली, तर नकार देऊ नये. दोन्ही तात्पुरत्या आहेत आणि दोन्हींमुळे बाळाचे हाल कमी होतात. तोंडाची स्वच्छता, रोजची अंघोळ आणि नळीच्या जागेची पाहणी ही कामे पालकांनी उचलली, तर त्यांचा प्रत्यक्ष उपयोग होतो.

न्यूट्रोफिल (जंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग तीन दिवस प्रति मायक्रोलिटर ५०० च्या वर राहिल्या, की पेशी रुजल्या असे मानतात. पुढे कायमेरिझम ही तपासणी रक्तातल्या किती टक्के पेशी दात्याच्या आहेत ते सांगते. तो आकडा १०० असलाच पाहिजे असे नाही. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजमध्ये दात्याच्या न्यूट्रोफिल थोड्या प्रमाणात टिकल्या तरी संरक्षण मिळू शकते, तर विस्कॉट-ऑल्ड्रिचमध्ये मिश्र अवस्था राहिली तर प्लेटलेट कमी राहणे किंवा शरीराने स्वतःच्याच पेशींवर हल्ला करणे असे प्रश्न येऊ शकतात. तुमच्या बाळाच्या आजारात कोणत्या पेशींमध्ये किती टक्के पुरेसे आहेत, हे विचारून घेतले नाही तर दर महिन्याचा अहवाल उगाच घाबरवतो.

याच काळात जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींनी बाळाच्या शरीरावर केलेला हल्ला, सुरू होऊ शकतो. तो बहुधा त्वचा, आतडे आणि यकृत यांवर दिसतो: तळहात, तळपाय, कानांवर लालसर पुरळ, पातळ, भरपूर जुलाब, डोळ्यांत पिवळेपणा. कर्करोगात थोडा जीव्हीएचडी उपकारक ठरतो असे कुठे वाचले, तर ते या मुलांना लागू नाही. इथे त्याचा काहीच फायदा नसतो, म्हणून पहिली खूण दिसताच सांगावे.

सातवा टप्पा: घरी आल्यावरचे पहिले वर्ष

न्यूट्रोफिल भरल्या म्हणजे प्रतिकारशक्ती आली असे नाही. टी पेशींना थायमसमध्ये घडून बाहेर यायला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. पेशींच्या आकड्यांकडे पाहून घरच्यांचा बंधने सैल करण्याचा मोह याच काळात होतो आणि सीएमव्ही, ॲडिनोव्हायरस, एप्स्टीन-बार हे विषाणूही याच काळात डोके वर काढतात. म्हणून दर आठवड्याच्या पीसीआर तपासण्या चुकवू नयेत आणि सुरुवातीचे सुमारे तीन महिने केंद्राजवळच राहण्याची सोय करावी.

सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस ही जीव्हीएचडी रोखणारी औषधे ठरल्या वेळीच द्यावी लागतात. रक्तातली पातळी तपासायची असेल, त्या सकाळची मात्रा तपासणीचे रक्त काढल्यानंतर द्यावी, नाहीतर अहवाल चुकीचा येतो. बुरशीविरोधी औषधे ही पातळी खूप वाढवू शकतात, तर इतर काही औषधे कमी करतात. म्हणून वनौषधी धरून कोणतेही नवे औषध केंद्राला विचारल्याशिवाय देऊ नये. मुलाने औषध ओकून टाकले, तर स्वतःच्या मनाने पुन्हा देण्याऐवजी फोन करावा. ऊन जीव्हीएचडीला चेतवते, त्यामुळे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि टोपी वापरावी.

पूर्वी घेतलेल्या लसींची स्मृती नव्या पेशींना नसते. निष्क्रिय लसी साधारण सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. जिवंत लसींसाठी किमान दोन वर्षे थांबावे लागते आणि तेव्हाही प्रतिकार दाबणारी औषधे बंद असणे, जीव्हीएचडी नसणे व टी पेशी पुरेशा असणे आवश्यक असते.

आठवा टप्पा: पुढची वर्षे आणि पुढचे बाळ

बरे झालेले मूलही वर्षातून एकदा केंद्रात जायला हवे. तिथे वाढ, थायरॉइड, दात, ऐकू येणे, पौगंडावस्थेची सुरुवात आणि पेशींचे कार्य तपासले जाते. एससीआयडीच्या काही प्रकारांत कित्येक वर्षांनी त्वचेवर चिवट चामखिळी येतात, तेही दाखवावे. एका कागदावर जनुकाचे नाव, प्रत्यारोपणाची तारीख, दाता, दिलेल्या औषधांची एकूण मात्रा, झालेले संसर्ग आणि शेवटचा कायमेरिझम अहवाल लिहून ठेवावा. मूल मोठे होऊन प्रौढांच्या डॉक्टरांकडे जाईल तेव्हा या माहितीवाचून त्यांना पुढची तपासणी आखता येत नाही.

आणखी मूल हवे असेल, तर गर्भधारणेआधीच जनुकीय सल्ला घ्यावा. एक्स गुणसूत्राशी निगडित आजारात वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी असते. दोष आई-वडील दोघांकडून येत असेल, तर प्रत्येक बाळाला २५ टक्के. दोष माहीत असल्यास गरोदरपणाच्या साधारण १० ते १२ व्या आठवड्यात वारेच्या ऊतीवरून निदान करता येते. ही तपासणी करायची नसेल, तर जन्मानंतर लगेच नाळेच्या रक्तावरून लिम्फोसाइट व जनुकाची तपासणी करावी, आणि अहवाल येईपर्यंत बाळाला बीसीजी, पोलिओचे थेंब व रोटाव्हायरसची लस देऊ नये अशी लेखी सूचना प्रसूतिगृहाला प्रसूतीच्या आधीच देऊन ठेवावी.